वाऱ्याच्या वेळापत्रकाने गोवा : सुट्टीत शिडाची होडी स्वतः हाकायची असेल तर

पर्वरीत राहायला आल्यापासून नोव्हेंबर ते मे आमच्याकडे पाहुण्यांचा राबता असतो. पुणे, सांगली, ठाणे, कुठकुठून येतात आणि सगळ्यांची यादी एकच असते: मंगेशी, जुनं गोवं, कळंगुट, मासे आणि शेवटच्या संध्याकाळी मांडवीतली बोट. त्या बोटीला माझी हरकत नाही. तासभर गाणी ऐकून, नाचून माणसं खूश होऊन परत येतात. पण त्यातल्या एखाद्याला मी हळूच बाजूला घेते आणि विचारते, "दोन दुपार मोकळ्या ठेवशील? होडी तू चालवायची."

जे हो म्हणाले त्यांच्यासाठी दरवेळी तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून हा लेख. मी स्वतः त्रेचाळिसाव्या वर्षी शिकले, तेव्हा वयाची सबब चालणार नाही. पोहता मात्र यायला हवं. सराईत नसलात तरी चालेल, पण पाण्यात पडल्यावर घाबरून समोरच्याच्या गळ्याला मिठी मारणार नाही इतपत.

एक गंमत सांगून टाकते. बेटावरची सुट्टी म्हटली की लोकांना मालदीव आठवतं. पणजी, मिरामार, करंझाळे, दोनापावला हा सगळा भाग तिसवाडी तालुक्यात येतो आणि तिसवाडी हे बेटच आहे. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, पूर्वेला दोघींना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र. पुलांवरून भुर्रकन आत येतो म्हणून कळत नाही, इतकंच.

तारीख ठरवताना कालनिर्णय जवळ ठेवा

जून ते सप्टेंबर विषय बंद. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात, आणि जून-जुलैत तर यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते. नवशिक्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चपासून दुपारचा वारा तापट होत जातो. थोडं येत असेल तर तेव्हाच खरी मजा, पण पहिलाच दिवस असेल तर जीव मेटाकुटीला येतो.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते आता कामाला येतील. रात्रभर जमीन थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. ते मंद असतात आणि नऊ-दहापर्यंत विरून जातात. मग तास-दोन तास पाणी तेलासारखं गुळगुळीत. या वेळेत होडी भाड्याने घेणारे लोक मी पाहिलेत. भर उन्हात मध्यभागी उभे राहतात आणि 'सेलिंग म्हणजे कंटाळा' असं मत बनवून घरी जातात. जमीन तापली, तिच्यावरची हवा वर गेली की बाराच्या सुमारास पश्चिमेकडून खारा वारा आत येऊ लागतो. दोन ते चार त्याचा भर, पुढे तो थोडा वायव्येकडे सरकतो आणि सूर्यास्ताला पडतो. म्हणजे तुमची वेळ दुपारी एक ते पाच. देवदर्शन आणि बाजारहाट सकाळी उरका. सूर्यास्ताची सहल वेगळी आणि शिकणं वेगळं. सूर्यास्ताला वारा नसतो.

आता तिथी. माझ्या मते हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तो कुणीच सांगत नाही. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरती पूर्ण व्हायची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती पूर्ण. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा ढोबळ अंदाज आहे. नेमक्या वेळेसाठी मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा, ते फोनवर सहज मिळतं.

याचा होडीशी संबंध असा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, आणि अकराला भरती पूर्ण झाली की अख्खी दुपार ओहोटी. दोन्ही नद्या पाणी समुद्राकडे ओढत असतात आणि खारा वारा नेमका उलटा, समुद्राकडून आत येत असतो. वारा आणि प्रवाह समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, होडी खडबडीत रस्त्यावरच्या एसटीसारखी आपटते. शिवाय काही बिघडलं तर पाणी तुम्हाला बाहेर नेतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढ-उतार कमी. त्यातही दुपारभर पाणी आत येत असतं. वारा आत, पाणी आत. चुकलात तरी किनाऱ्याकडेच वाहत याल. म्हणून माझ्या पाहुण्यांना मी सांगते की शक्य असेल तर सप्तमी ते दशमी गाठा, पक्ष कुठलाही चालेल. एकदा एक मेहुणे हसले, "मुहूर्त बघून पोहायला जायचं का?" पौर्णिमेला पाण्यात उतरले आणि मग हसले नाहीत.

जागा

शिकायला दोनापावला, करंझाळे आणि बांबोळीचा पट्टा धरा. काबोचं टोक समुद्रात घुसलंय, त्याच्या एका अंगाला मांडवीचं मुख आणि आग्वादचा उपसागर, दुसऱ्या अंगाला जुवारीचं मुख. आडोसा आहे, पण वारा पोचतो. जलक्रीडा चालवणाऱ्यांना प्रशिक्षण देणारी केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था याच पट्ट्यात आहे, आणि स्थानिक मुलांचा सरावही इथेच चालतो. बांबोळीला विंडसर्फिंगवाले दिसतात. उत्तरेला मोरजी-आश्वे भागात पतंग बांधून लाटांवर उडणारी मंडळी भेटतील. ते बघायला छान, पण चार दिवसांच्या सुट्टीत शिकण्यातलं नाही. पणजीहून स्कीपरसकट मोठी यॉट भाड्याने मिळते, तीही वाईट नाही. आजी-आजोबांना घेऊन जायला तीच बरी. पण मोठ्या यॉटवर चूक केली तर ती मुकाट्याने सहन करते. छोटी होडी तिथल्या तिथे थोबाडीत मारते, म्हणून शिकायचं छोट्या होडीवर.

छोटी म्हणजे केवढी? पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी ऑप्टिमिस्ट असते, जेमतेम २.३६ मीटर लांब, दिसायला घरातल्या टबासारखी. मोठ्यांसाठी लेझर, जिला आता आयएलसीए म्हणतात: ४.२३ मीटर लांब, एकट्याने चालवायची. तिला शिडं तीन मापांत मिळतात. पहिल्या दिवशी फुशारकी न मारता सगळ्यात लहान शीड मागा. जोडीने जायचं असेल तर दोन सांगाड्यांची हॉबी कॅट बघा. ती सहज कलंडत नाही, पण एकदा कलंडली की उठवायला दोघं लागतात.

पैसे देण्याआधी हे विचारा

माझी पहिली वेळ सांगते. एका किनाऱ्यावर एका माणसाने आम्हाला होडी दिली, किनारा कुठला ते जाऊ दे. शिकवणी म्हणजे "ये दोरी खींचो, ये डंडा हिलाओ". लाइफ जॅकेटचा बक्कल तुटलेला होता, तो सुतळीने बांधला. ओहोटी चालू होती. पाऊण तासाने किनारा बराच लांब दिसायला लागला आणि मदतीला येईल अशी दुसरी बोटच त्याच्याकडे नव्हती. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होडीतल्या लोकांनी आम्हाला दोर टाकून ओढत आणलं. एक अवाक्षर बोलले नाहीत, पण त्यांची नजर अजून आठवते.

तेव्हापासून फोनवर मी पहिला प्रश्न विचारते, "आम्ही पाण्यात असताना इंजिनाची बोट पाण्यात असेल का? किनाऱ्यावर बांधलेली नको, पाण्यात." इथे जो अडखळला त्याच्याशी पुढे बोलायचं नाही. मग विचारा की वारा किती नॉटच्या वर गेला की तुम्ही नवशिक्यांना उतरवत नाही. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. सहा ते बारा नॉट हा शिकायला गोड वारा. "वारा कितीही असो, आपण जातो," असं उत्तर आलं तर नमस्कार करून फोन ठेवा. एका प्रशिक्षकामागे किती होड्या, जॅकेट मापाची आहेत का, मुलांसाठी वेगळी आहेत का, विमा आहे का, होडीची नोंदणी आहे का, हे सगळं विचारा. गोव्यात ती नोंदणी कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे होते. प्रशिक्षक भारतीय यॉटिंग संघटनेशी संलग्न संस्थेचा असेल तर उत्तमच. दराची घासाघीस शेवटी. दोन दुपारचं एकत्र ठरवलंत तर कमी होतात.

अंगावर काय, पोटात काय

लांब बाह्यांचा पटकन वाळणारा शर्ट, खाली जाड चड्डी. सुती कपडे नकोत, ओले झाले की गोणपाट. पायात जुने कॅनव्हास बूट हवेतच. दोनापावल्याच्या खडकांवर कालवं असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. चष्म्याला मागून दोरी बांधा. माझा एक चष्मा जुवारीच्या तळाशी आहे. बोटं उघडी असलेले सायकलचे हातमोजे घेतले तर दुसऱ्या दिवशी जेवताना घास धरता येईल. अंगठ्या, मंगळसूत्र खोलीवर ठेवा. फोनही.

दुपारी फिश थाळी चापून लगेच होडीत बसू नका. पोळी-उसळ, केळं, भरपूर पाणी. थाळी रात्री.

पहिली दुपार : अर्धी वाळूवर

चांगला प्रशिक्षक पहिला तासभर पाण्यात नेतच नाही. कंटाळू नका, हाच तास पुढचे तीन वाचवतो.

शब्दांत एक सापळा आहे. होडीवर शीट म्हणतात ती दोरी असते, कापड नव्हे. मराठी कानाला शीट आणि शीड एकच वाटतं, आणि प्रशिक्षक "शीट सोडा!" ओरडला की आपण शिडाकडे बघत बसतो. पाठच करून टाका: शीड वारा धरतं, शीट शिडाला धरते. उभी डोलकाठी म्हणजे मास्ट. तिच्या पायथ्याशी आडवा दांडा, तो बूम, आणि तो डोक्यावर बसतो. मधोमध पाण्यात खुपसलेली फळी म्हणजे डॅगरबोर्ड. ती नसेल तर होडी खेकड्यासारखी आडवी सरकेल. मागे सुकाणू आणि त्याचा हातातला दांडा टिलर.

मग वारा ओळखायला शिका. माडाच्या झावळ्या, झेंडे, पाण्यावरच्या बारीक सुरकुत्या बघा. सर्वात भरवशाचे आपले कान: चेहरा हळूहळू फिरवा, दोन्ही कानांत सारखा आवाज आला की नाक वाऱ्याकडे. दूरवर लाटांना पांढरे तुरे दिसायला लागले तर वारा दहा नॉटच्या आसपास पोचला. सगळीकडे तुरेच तुरे दिसले तर पहिल्या दिवशी पाण्यात उतरू नका.

पाण्यात

आधी आडव्या वाऱ्यात, म्हणजे वारा बाजूने येईल असं जायचं. वारा ज्या बाजूने येतो त्या काठावर बसा, तोंड शिडाकडे, मागच्या हातात टिलर, पुढच्या हातात शीट. टिलर शिडाकडे ढकलला की होडी वाऱ्याकडे वळते, आपल्याकडे ओढला की वाऱ्यापासून दूर. स्कूटरच्या उलट. पहिली दहा मिनिटं सगळ्यांची फजिती होते. विचार करू नका, लांबचं एक झाड धरा आणि त्याच्याकडे जा. हात आपोआप शिकतो.

शिडाचं गणित एका वाक्यात: फडफडायला लागेपर्यंत सैल सोडा, फडफड थांबेल तेवढंच ओढा. नवशिके जिवाच्या आकांताने दोरी आवळून बसतात, त्यांना वाटतं घट्ट म्हणजे वेगात. होडी तिरकी होते आणि चालत नाही. आणि घाबरलात तर? शीट सोडून द्या. शिडातला वारा जातो, होडी सरळ होऊन उभी राहते. ब्रेक तोच. माझ्या भाच्याला मी हे बजावून पाठवलं होतं. वाऱ्याचा पहिला झोत आला आणि त्याने दोरी मनगटाला गुंडाळली. दोरी कधीही गुंडाळायची नाही.

सरळ वाऱ्याच्या तोंडावर होडी जात नाही. वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांचा पट्टा बंद. मग समोरून वारा येत असताना तिकडे कसं जायचं? चोर्ला घाट चढतो तसं. सरळ चढ जमत नाही म्हणून रस्ता वळणं घेत जातो, तशी होडी एकदा डावीकडे तिरकी, एकदा उजवीकडे तिरकी चढत न्यायची आणि प्रत्येक वळणावर नाक वाऱ्यातून पलीकडे काढायचं. हे वळण म्हणजे टॅक. टॅक अर्धवट सोडला की होडी वाऱ्यात नाक खुपसून अडकते आणि मागे जायला लागते. घाबरू नका. बूम हाताने एका बाजूला ढकलून धरा, मागे जाणारी होडी वळते आणि सुटते. टॅकआधी वेग घ्या, वळताना डोकं खाली, आणि मग उठून दुसऱ्या काठावर.

वारा पाठीमागून घेऊन वळण्याला जाइब म्हणतात. त्यात बूम एका झटक्यात या टोकाहून त्या टोकाला येतो. पहिल्या दिवशी जाइब टाळा, त्याऐवजी लांबचा फेरा घालून टॅक करा. 'वारा पाहून पाठ फिरवावी' म्हणणाऱ्याने बूम पाहिला नसणार.

कलंडणं तर मुद्दाम करून घ्या. प्रशिक्षकाला सांगा, "आज मला दोनदा पाडा." पडल्यावर पहिला नियम असा की होडी सोडायची नाही. ती बुडत नाही, आणि लांबून तीच दिसते, तुमचं डोकं दिसत नाही. किनारा जवळ वाटतो म्हणून पोहत निघायचं नाही. शीट मोकळी करा, होडीला वळसा घालून तळाकडे या, डॅगरबोर्ड धरून त्यावर वजन टाका. शीड पाण्यातून सावकाश उठतं. होडी सरळ झाली की मागच्या बाजूने किंवा काठावरून चढा. पहिल्यांदा पाच मिनिटं लागतात. तिसऱ्यांदा हसत हसत होतं.

आजूबाजूला लक्ष असू द्या. मुरगावची जहाजं आणि खनिजाचे बार्ज यांच्या वाटेत जायचं नाही. यंत्राच्या बोटीने शिडाच्या होडीला वाट द्यावी हा नियम खरा, पण अरुंद मार्गात मोठ्या जहाजाला आपण अडवू नये हाही नियमच, आणि जहाजाला थांबायला खूप अंतर लागतं. जाळ्याचे तरंगते बोये दिसले तर लांबून वळसा घाला. रापण ओढत असतील तर त्या बाजूला फिरकूच नका. ते कामावर आहेत, आपण सुट्टीवर.

शर्यत

दुसऱ्या दुपारी टॅक जमायला लागला की प्रशिक्षकाला शर्यत लावायला सांगा. तीन होड्या आणि दोन बोये पुरे. एक बोया वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, एक खालच्या. एरवी आपण 'चाललंय की' म्हणून समाधानी असतो, आणि शेजारची होडी पुढे गेली की मगच कळतं आपलं शीड घट्ट आहे. दहा धड्यांचं काम एक शर्यत करते.

सुरुवात धावण्याच्या शर्यतीसारखी नसते. होडीला उभं करून ठेवता येत नाही, म्हणून सगळ्या होड्या एका काल्पनिक रेषेमागे घिरट्या घालतात. पाच मिनिटं उरली की इशाऱ्याचा झेंडा, चार उरली की तयारीचा, एक मिनिट उरलं की तयारीचा झेंडा उतरतो, आणि शून्याला सुरुवात. झेंड्यांबरोबर भोंगाही वाजतो, पण वेळ झेंड्यावर धरायची. शून्याला रेषेवर आणि पूर्ण वेगात असणं हीच सगळी कला. आधी ओलांडलीत तर परत मागे यावं लागतं. नवशिके उशीर करतात, कारण एका मिनिटात होडी किती अंतर कापते याचा अंदाज नसतो. शर्यतीआधी घड्याळ लावून दोनदा मोजा.

नियमांचं पुस्तक जागतिक सेलिंग संघटना दर चार वर्षांनी सुधारते. तुम्हाला तीन नियम पुरेत. वारा उजवीकडून घेणारी होडी स्टारबोर्ड टॅकवर, डावीकडून घेणारी पोर्टवर. समोरासमोर आल्या तर पोर्टवालीने बाजूला व्हायचं. सोपी खूण: बूम तुमच्या डावीकडे असेल तर हक्क तुमचा, "स्टारबोर्ड!" असं खणखणीत ओरडा. दोघी एकाच टॅकवर असून एकमेकींच्या अंगाला लागून असतील तर वाऱ्याकडच्या होडीने जागा द्यायची. मागची होडी पुढचीवर चढणार नाही, हा तिसरा. चूक झाली तर पाण्यातच दोन गिरक्या घेऊन शिक्षा भोगायची, बोयाला धक्का लागला तर एक. पंच मागे धावत नाही, आपलं आपणच कबूल करायचं. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या पोरांना हे पचायला वेळ लागतो.

डावपेच थोडेच. दुसऱ्याच्या शिडामागे अडकू नका, तिथला वारा मेलेला असतो. टॅक कमी करा, प्रत्येक टॅकला वेग जातो. आणि पाण्याकडे बघा. गडद सुरकुत्यांचा पट्टा दिसतो तिथे वारा जास्त आहे.

हरलात तर मनाला लावून घेऊ नका. मांडवीच्या पल्याड, वेरेच्या आयएनएस मांडवी या नौदल तळावरून १० सप्टेंबर २०१७ रोजी सहा नौदल अधिकारी महिला 'तारिणी' घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी परत आल्या. ती होडी बांधली दिवाडीच्या गोदीत, म्हणजे तुमच्या हॉटेलपासून फेरीबोटीच्या अंतरावर. तिच्या आधीची 'म्हादेई'ही तिथलीच. तिच्यावरून २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी एकट्याने पृथ्वीला फेरी मारली, असं करणारे ते पहिले भारतीय. दिवाडीची फेरी एका सकाळी करून या, तेव्हा वारा नसतोच.

परतल्यावर

होडी, शीड, दोर गोड्या पाण्याने धुवायला मदत करा. पाहुण्यांकडून कुणी अपेक्षा करत नाही, पण मदत केलीत तर प्रशिक्षक दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं जास्त देतो, हा माझा अनुभव. शीड वाळवून गुंडाळायचं, चुरगाळायचं नाही. आठचा आकडा आणि बोलाइन या दोन गाठी शिकून घ्या आणि संध्याकाळी पडद्याच्या दोरीवर सराव करा.

गोडी लागलीच तर मुंबईत गेटवेजवळचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून आहे, आणि हैदराबादच्या हुसेनसागरात पावसाळ्यातही शर्यती होतात. समुद्र बंद असतो तेव्हा तलाव उघडा असतो.

माझा भाचा गेल्या खेपेला तीन होड्यांत तिसरा आला. जेवताना त्याचं म्हणणं होतं की दुसऱ्या बोयापाशी मी पोर्टवर होते आणि मी त्याला वाट दिली नाही. मी म्हटलं, मी स्टारबोर्डवरच होते. मिठाची वाटी बोया, दोन पापलेटं होड्या आणि पंख्याकडून वारा असा सगळा देखावा ताटात मांडून झाला. तो म्हणतोय ते बरोबर निघालं. दोन गिरक्या माझ्याकडे बाकी आहेत.